सुजलेल्या लाल रंगावर लेझर मारण्याआधी

प्रश्न : माझे वय २९ वर्षे आहे. दीड वर्षापूर्वी मी डाव्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, फुलाचा टॅटू गोंदवून घेतला. फुलाची कड काळी आहे, पाकळ्या लाल, पाने हिरवी आणि पाकळ्यांच्या टोकांना पांढरी छटा आहे. पहिले वर्षभर काहीच त्रास झाला नाही. गेल्या चार महिन्यांपासून मात्र फक्त लाल भाग वर आला आहे, कडक झाला आहे आणि रात्री त्याला असह्य खाज सुटते. काळ्या आणि हिरव्या भागाला काहीही झालेले नाही. टॅटू करणाऱ्याचे म्हणणे असे की शाई चांगल्या प्रतीची होती आणि ॲलर्जी असती तर ती तेव्हाच आली असती. एका लेझर सेंटरमध्ये चौकशी केली, तर ‘चार-पाच सिटिंगमध्ये सगळा टॅटू जाईल, त्याबरोबर खाजही जाईल’ असे सांगून त्यांनी पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. एक मैत्रीण टॅटू घालवण्याचे मलम लावून पाहा म्हणते. मी काय करावे? शिवाय माझी धाकटी बहीण भुवयांमध्ये कायमचा रंग भरून घेणार आहे. तिला तो घेऊ द्यावा का?

उत्तर : पुढच्या आठवड्यातील लेझरची वेळ कृपया रद्द करा. टॅटू घालवण्याचा तुमचा विचार चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही. तो पुढे जरूर अमलात आणता येईल, निदान त्यातील काही भागापुरता तरी. परंतु सुजलेल्या आणि खाजणाऱ्या लाल रंगावर टॅटू घालवण्याचे नेहमीचे लेझर मारणे आज तुमच्यासाठी धोक्याचे आहे, आणि हा धोका हाताच्या त्वचेपुरता मर्यादित नाही. आधी निदान, मग सूज उतरवणे आणि त्यानंतर प्रत्येक रंगाचा वेगळा विचार, असा क्रम ठेवावा लागेल.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘काळ्या आणि हिरव्या भागाला काहीही झालेले नाही’ हे आहे. एकदा डोळे मिटून उजव्या हाताचे बोट काळ्या रेषेवरून हळूच पाकळीवर सरकवून पाहा. रेष संपून लाल रंग जेथे सुरू होतो नेमक्या त्याच ठिकाणी बोटाला पायरी लागत असेल, आणि पाकळी संपताच ती पुन्हा खाली उतरत असेल, तर लाल शाईची ॲलर्जी असण्याची शक्यता बरीच वाढते. बुरशीचा संसर्ग किंवा साधा इसब चित्राच्या रेषा पाळत नाही. तो काळ्यावर, हिरव्यावर आणि शेजारच्या कोऱ्या त्वचेवरही पसरतो. एकाच रंगाची हद्द धरून बसणारी सूज त्या रंगातील एखाद्या द्रव्याकडेच बोट दाखवते. टॅटूच्या सर्व रंगांमध्ये लाल आणि त्याच्या जवळच्या गुलाबी, जांभळट छटा यांच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या ॲलर्जी सर्वांत जास्त आढळतात. काळ्या रंगाची अशी ॲलर्जी त्या मानाने क्वचितच दिसते.

‘ॲलर्जी असती तर तेव्हाच आली असती’ हे टॅटू करणाऱ्याचे म्हणणे मात्र बरोबर नाही. सुई शाई सोडते ती साधारण एक ते दोन मिलिमीटर खोलीवर, म्हणजे अंतस्त्वचेत. त्वचेचा वरचा थर सतत झडतो आणि नवा येतो, म्हणून तिथली शाई काही आठवड्यांत निघून जाते. अंतस्त्वचेतली शाई टिकते, कारण तेथील भक्षकपेशी रंगाचे कण गिळून बसतात. २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की या पेशीही कायम जगत नाहीत. त्या मरतात, रंगाचे कण मोकळे होतात आणि नव्या भक्षकपेशी ते पुन्हा गिळतात. याचा अर्थ असा की बाहेरून स्थिर दिसणारा टॅटू आत शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेच्या हातातून सतत फिरत असतो. त्या यंत्रणेने एखादे द्रव्य ‘परके’ म्हणून ओळखायला काही आठवडे लागू शकतात, काही महिने लागू शकतात आणि काही जणांच्या बाबतीत कित्येक वर्षेही जातात. त्यामुळे वर्षभर शांत राहिलेली पाकळी अचानक सुजणे यात नवल नाही, आणि ते तुमच्या देखभालीतील चुकीमुळे झाले असेही समजू नका.

शाईच्या प्रतीबद्दलही थोडे सांगायला हवे. पूर्वीच्या लाल शाईत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड, किंवा कॅडमियमची संयुगे असत आणि त्या काळातील ॲलर्जीचे खापर मुख्यतः पाऱ्यावर फुटत असे. आजच्या लाल शाईत बहुधा ॲझो गटातील सेंद्रिय रंगद्रव्ये असतात. पिगमेंट रेड २२ आणि पिगमेंट रेड १७० ही त्यांपैकी दोन नावे लाल टॅटूच्या ॲलर्जीच्या अभ्यासांत वारंवार येतात. अशी रंगद्रव्ये मूलतः रंगलेप, प्लॅस्टिक, छपाई यांसारख्या उद्योगांसाठी तयार झाली. माणसाच्या त्वचेत आयुष्यभर राहण्यासाठी ती घडवली गेली नव्हती. शिवाय बाटलीत निकेल, क्रोमियम, कोबाल्ट यांचे अंश आणि शाई टिकवण्यासाठी घातलेली द्रव्येही असू शकतात. शाई ‘चांगली’ असणे म्हणजे ती निर्जंतुक असणे आणि तिचा रंग न फिकटणे, एवढाच अर्थ व्यवहारात घेतला जातो. ती तुमच्या शरीराला मानवेल याची हमी त्या शब्दात नसते. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतील सुमारे ४,००० रसायनांवर बंदी किंवा मर्यादा घातली. पिगमेंट ब्लू १५:३ आणि पिगमेंट ग्रीन ७ या दोन बहुवापराच्या रंगद्रव्यांना पर्याय शोधण्यासाठी आणखी एक वर्ष देऊन ४ जानेवारी २०२३ पासून त्यांनाही ते नियम लागू केले. एवढा कडक नियम करण्याची वेळ आली यावरूनच, आधी या बाटल्यांत काय काय जात होते याची कल्पना यावी.

आता निदानाविषयी. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि सुजलेल्या लाल भागाची बायोप्सी करावी का, हे स्वतःहून विचारा. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढायचा असतो, एक-दोन टाके पडतात आणि काम काही मिनिटांत होते. ही तपासणी मला आवश्यक वाटते, कारण लाल टॅटूवर दिसणारी प्रत्येक उंच गाठ म्हणजे ॲलर्जीच असे नसते. सूक्ष्मदर्शकाखाली ॲलर्जीचीच निरनिराळी रूपे दिसतात. कधी लायकेन प्लॅनस या खाजऱ्या त्वचारोगासारखा थर असतो, कधी भक्षकपेशींच्या दाट गाठी असतात, तर कधी लसिकापेशींची (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची) इतकी गर्दी असते की ती कर्करोगासारखी भासते. क्वचित लाल रंगावरच्या जाड, खडबडीत फुगवट्यात खरोखरीचा त्वचेचा कर्करोगही सापडतो. सार्कॉइडोसिस नावाचा आजार, ज्यात फुप्फुसे, डोळे आणि लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) यांना सूज येते, तो काहींमध्ये पहिल्यांदा टॅटूतच डोके वर काढतो. म्हणून डॉक्टरांनी खोकला, धाप किंवा डोळे लाल होऊन दुखणे याबद्दल विचारले किंवा छातीचा एक्स-रे काढायला सांगितला, तर तो नसता खर्च आहे असे मानू नका. शाईतून शिरणारे जंतू हीदेखील एक शक्यता असते. २०११-१२ मध्ये अमेरिकेतील रोचेस्टर येथे एकाच प्रकारच्या राखाडी शाईमुळे कित्येकांना मायकोबॅक्टेरियम चेलोनी या जंतूचा संसर्ग झाला होता. परंतु असा संसर्ग बहुधा गोंदवल्यानंतर काही आठवड्यांत दिसतो आणि तुमच्या बाबतीत वर्ष उलटून गेल्यामुळे त्याची शक्यता कमी वाटते.

पाठीवर पट्ट्या चिकटवून करायची पॅच टेस्ट काही डॉक्टर सुचवतील. ती करायला हरकत नाही. मात्र ती निर्दोष आली म्हणून शाई निर्दोष ठरत नाही. लाल टॅटूच्या ॲलर्जीत ही टेस्ट पुष्कळदा नकारात्मक येते. त्याचे एक संभाव्य कारण असे मानले जाते की ॲलर्जी बाटलीतल्या मूळ रंगद्रव्याची नसून, ते त्वचेत हळूहळू बदलून किंवा तुटून तयार झालेल्या द्रव्याची असते, आणि ते द्रव्य पाठीवरच्या पट्टीत नसतेच.

निदान पक्के झाल्यावर उपचार सुरू होतात ते तीव्र स्टेरॉइडच्या मलमाने, तेही डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या काळापुरते. त्याने भागले नाही तर फुगवट्यातच स्टेरॉइडची इंजेक्शने दर काही आठवड्यांनी दिली जातात. बऱ्याच जणांची खाज यामुळे लक्षणीयरीत्या कमी होते आणि पाकळ्या खाली बसतात. परंतु शाई आतच असल्यामुळे उपचार थांबवल्यावर त्रास परत येऊ शकतो, याची मनाची तयारी ठेवा. स्टेरॉइड जास्त काळ वापरले तर त्वचा पातळ होते आणि सावळ्या वर्णावर इंजेक्शनच्या जागी पांढुरके डाग उठतात. म्हणून उरलेले मलम स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने लावत राहू नये. ॲलर्जीच्या गोळ्यांनी रात्रीची झोप सुधारू शकते, फुगवटा मात्र त्यांनी उतरत नाही.

मलम आणि इंजेक्शने दोन्ही पुरी पडली नाहीत, तर ॲलर्जी करणारी शाईच शरीराबाहेर काढणे हा खरा इलाज उरतो, आणि ती शस्त्रक्रियेने काढणे अधिक भरवशाचे असते. लाल भाग लहान असेल तर तो कापून त्वचा शिवता येते. मोठा असेल तर डर्माटोम नावाच्या उपकरणाने त्वचेचे पातळ थर एकेक करून, रंग दिसेनासा होईपर्यंत खरवडून काढतात. डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या बिस्पेब्येर्ग रुग्णालयात टॅटूच्या दुष्परिणामांसाठी वेगळे क्लिनिक चालवले गेले आणि लाल रंगाच्या हट्टी ॲलर्जीसाठी तेथे ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. जखम भरायला काही आठवडे लागतात आणि व्रण राहतो. ज्यांच्या त्वचेवर पूर्वी कधी केलॉइड, म्हणजे जखमेपेक्षा मोठा वाढत जाणारा व्रण, उठला असेल त्यांनी ही गोष्ट आधीच सांगायला हवी. व्रण राहील हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, हे मी समजू शकतो. तरी ज्यांनी वर्षानुवर्षे खाजेने रात्री काढल्या आहेत, ती माणसे व्रण पत्करतात.

मग लेझर का नको? टॅटू घालवण्याचे लेझर शाई ‘पुसत’ नाही, ते तिचे तुकडे करते. सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतका, आणि पिकोसेकंद यंत्रात त्याहूनही कितीतरी कमी काळ टिकणारा प्रकाशाचा झोत रंगाच्या कणावर पडतो, कण क्षणात तापून फुटतो आणि त्याचे बारीक तुकडे भक्षकपेशी व लसिकावाहिन्या वाहून नेतात. त्यांतील काही काखेतील लसिकाग्रंथींमध्ये जाऊन साचतात. ज्याला शाईची ॲलर्जी नाही त्याच्यासाठी ही व्यवस्था ठीक आहे. तुमच्या शरीराने मात्र याच कणांविरुद्ध शस्त्र उचलले आहे. आज हे कण पाकळ्यांमध्ये बंदिस्त आहेत, आणि लेझरचा एक झोत त्यांचे असंख्य तुकडे करून ते एकाच वेळी सगळ्या शरीरात पाठवील. ॲलर्जी असलेल्या टॅटूवर असे लेझर वापरल्यानंतर अंगभर पुरळ आणि गांधी उठल्याच्या, क्वचित श्वास अडकून रक्तदाब खाली जाण्यापर्यंत मजल गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दुसरी अडचण अशी की ॲझो रंगद्रव्यांवर लेझर पडले की त्यांचे रेणू तुटून नवी, लहान द्रव्ये तयार होतात आणि त्यांत काही घातक ॲरोमॅटिक अमाइन्सही असल्याचे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. ‘टॅटूबरोबर खाजही जाईल’ हे सेंटरचे आश्वासन म्हणूनच मला बेजबाबदारपणाचे वाटते. खाज आहे हे ऐकल्यावर त्यांनी वेळ देण्याऐवजी तुम्हाला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवायला हवे होते. काही अनुभवी तज्ज्ञ अशा रुग्णांमध्ये थर उडवणारे कार्बन डायऑक्साइड लेझर जपून वापरतात, परंतु त्याची रीत निराळी आहे आणि तो निर्णय बायोप्सी हातात असलेल्या डॉक्टरांनी, तातडीच्या उपचारांची सोय असलेल्या ठिकाणीच घ्यायचा असतो.

मैत्रिणीने सुचवलेल्या मलमाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. शाई ज्या खोलीवर आहे तिथपर्यंत साधे मलम पोहोचत नाही. जी मलमे पोहोचतात ती ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिडसारख्या आम्लांमुळे, आणि ती वाटेतली त्वचा भाजत जातात. रंग अर्धवट राहतो आणि वर भाजल्याचा डाग पडतो. मीठ घासणे किंवा खरवडणारा दगड वापरणे हेही तसेच. सुजलेल्या जागेवर यांपैकी काहीही करू नका.

समजा, लाल भागाचा प्रश्न सुटला, सूज किमान काही महिने परतली नाही आणि तरीही उरलेली काळी कड व हिरवी पाने घालवावीत असे तुम्हाला वाटले. तेव्हा लेझरचा विचार होऊ शकतो, मात्र त्या वेळी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल : एकच लेझर सगळे रंग घालवत नाही. प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाची ठरावीक तरंगलांबीच शोषते. काळा रंग जवळपास सगळ्याच लांबीचा प्रकाश शोषतो, म्हणून तो सर्वांत सहज जातो, आणि त्यासाठी १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग लेझर वापरतात. त्वचेला तिचा रंग देणारे मेलॅनिन ही लांबी कमी शोषत असल्यामुळे सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या लोकांसाठी तीच सर्वांत सुरक्षित समजली जाते. हिरव्या रंगाला हे लेझर फारसे दाद देत नाही, त्यासाठी ६९४ नॅनोमीटरचे रूबी किंवा ७५५ नॅनोमीटरचे अलेक्झांड्राइट लागते. लाल आणि नारिंगी रंगांसाठी ५३२ नॅनोमीटर वापरतात. या तिन्ही लांबी मेलॅनिनही बऱ्यापैकी शोषते, त्यामुळे शाईबरोबर त्वचेचा स्वतःचा रंगही उडून पांढरे डाग राहण्याचा किंवा उलट जागा काळवंडण्याचा धोका सावळ्या त्वचेत अधिक असतो. सेंटरमध्ये एकच यंत्र असेल आणि तरीही ते सगळे रंग घालवण्याचे वचन देत असतील, तर त्यांच्या यंत्राची तरंगलांबी कोणती, हे विचारा. उत्तर देता आले नाही, तर तिथून उठून या.

पांढऱ्या टोकांबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते आणि त्यांचा उल्लेख सेंटरने केलाच नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असते. लेझरचा झोत पडताच त्याचे रासायनिक रूप बदलते आणि पांढरी, फिकट गुलाबी किंवा त्वचेच्या रंगाची शाई डोळ्यांदेखत राखाडी, निळसर किंवा काळी पडू शकते. तपकिरी आणि त्वचेच्या रंगाच्या शाईतील लोहाच्या ऑक्साइडचेही असेच होते. हा नवा काळा रंग पुढे आणखी सिटिंगनी कधी कमी होतो, कधी हटून बसतो. म्हणून पांढऱ्या टोकांपैकी एका लपणाऱ्या बिंदूवर आधी एकच झोत टाकून चाचणी घ्यावी आणि निकाल पाहून मगच पुढे जायचे की ती टोके तशीच सोडून द्यायची, हे ठरवावे. तशीच सोडली तरी काही बिघडत नाही. लाल पाकळ्यांमध्येही उजळपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेले असू शकते, हे लक्षात असू द्या.

सिटिंगच्या संख्येबद्दल ‘चार-पाच’ हा आकडा मला अतिशय आशावादी वाटतो. बहुरंगी टॅटूला आठ-दहा आणि त्याहून जास्त सिटिंगही लागतात, आणि दोन सिटिंगमध्ये किमान सहा ते आठ आठवड्यांचे अंतर असते, म्हणजे हा एक-दोन वर्षांचा मामला आहे. २००९ मध्ये मांडल्या गेलेल्या कर्बी-देसाई मापनात सहा गोष्टी धरून सिटिंगचा अंदाज बांधतात : त्वचेचा वर्ण, टॅटूची जागा, शाईचे प्रमाण, रंग, आधीचे व्रण आणि एकावर एक चढवलेले थर. धडाकडील टॅटू लवकर जातात, हातापायांच्या टोकांकडील सावकाश जातात, कारण तिकडे रक्ताचा आणि लसिकेचा प्रवाह मंद असतो. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये परिणाम कमी दिसतो. आणि जुन्या टॅटूवर दुसरे चित्र चढवून तो झाकला असेल तर शाईचे प्रमाण वाढून काम आणखी कठीण होते, तेव्हा पाकळ्या झाकण्यासाठी वरून काळे चित्र काढून घेण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर तोही मानू नका. ॲलर्जीची शाई खाली तशीच राहील आणि ती जागा सुईने पुन्हा टोचली जाईल.

प्रत्यक्ष लेझर कसे असते, हेही सांगून ठेवतो, म्हणजे तेव्हा घाबरायला होणार नाही. डोळ्यांवर गडद चष्मा चढवला जातो, प्रत्येक झोताला ‘टक्’ असा आवाज येतो आणि त्वचेवर रबरबँडचा फटका बसल्यासारखी चुणचुण होते. शाईच्या रेषा क्षणार्धात पांढऱ्या फटक पडतात. ते भाजणे नसते, तापलेल्या शाईभोवती तयार झालेल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांमुळे तसे दिसते, आणि पंधरा-वीस मिनिटांत तो पांढरेपणा ओसरतो. नंतर सूज येते, कधी पाण्याचे फोड येतात. ते फोडू नयेत, खपली ओढून काढू नये आणि महिनाभर तरी त्या जागेवर ऊन पडू देऊ नये, कारण उन्हाने काळवंडलेल्या त्वचेवर पुढचे सिटिंग करणे डाग ओढवून घेण्यासारखे आहे. गर्भारपणात हे उपचार पुढे ढकलावेत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेत असाल, किंवा संधिवातासाठी कोणी पूर्वी सोन्याची इंजेक्शने घेतली असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. सोन्याचा अंश असलेली त्वचा लेझरने कायमची निळसर राखाडी होऊ शकते.

लसिकाग्रंथींत साचणाऱ्या शाईचा एक व्यावहारिक परिणाम तुम्हाला पुढे उपयोगी पडेल. काखेतील किंवा मानेतील ग्रंथी काही कारणाने तपासावी लागली तर ती शाईमुळे काळी दिसते आणि वरवर पाहता मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग पसरल्याचा संशय येऊ शकतो. अशा तपासणीच्या वेळी ‘माझ्या हातावर टॅटू होता’ एवढे वाक्य नक्की सांगा, तो दिसेनासा झाला असला तरीही.

तुमच्या बहिणीविषयी. तुम्हाला लाल शाईची ॲलर्जी झाली म्हणून तिलाही होईलच असे कोणी सांगू शकत नाही, आणि एका बिंदूवर चाचणी घेऊन ती निर्धोक आहे अशी खात्रीही देता येत नाही, कारण तुमच्या बाबतीत वर्षभर काहीच झाले नव्हते. तिला सोरायसिस, लायकेन प्लॅनस किंवा कोड असेल तर जेथे सुई टोचते तेथे तोच आजार उमटू शकतो. केलॉइडची सवय असेल तर भुवईच्या जागीही विचार करावा लागतो. यांपैकी काही असल्यास तिला थांबवा. काही नसल्यास निर्णय तिचा तिला घेऊ द्या, पण भुवयांचा रंग हा ‘वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाणारा’ असतो या जाहिरातीवर विसंबून तिने तो घेऊ नये. तो फिकटतो हे खरे, परंतु त्याचे घटक सारख्या वेगाने फिकटत नाहीत, म्हणून काही वर्षांनी भुवया लालसर किंवा निळसर राखाडी दिसू लागतात. आणि या शाया तर लोहाची ऑक्साइडे आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांचीच मिश्रणे असतात, म्हणजे न आवडलेली भुवई लेझरने घालवायला गेले की ती पहिल्याच झोतात काळी पडण्याची भीती इथे सर्वांत मोठी. हातावरचा डाग बाहीखाली जातो, चेहऱ्यावरचा जात नाही.

तिने ठरवलेच, तर बाटली तिच्यासमोर उघडली जावी, सुई नवी असावी, शाई पातळ करायची झाल्यास फक्त निर्जंतुक पाणी वापरावे (डिस्टिल्ड पाणी निर्जंतुक असतेच असे नाही, आणि रोचेस्टरच्या त्या राखाडी शाईत ते घातलेले होते), आणि बाटलीच्या लेबलचा रंगद्रव्यांचे क्रमांक व बॅच क्रमांक वाचता येतील असा स्पष्ट फोटो काढून तिने तो जपून ठेवावा. तुमच्या लाल शाईच्या बाटलीचा असाच फोटो तुम्हीही टॅटू करणाऱ्याकडे आजच मागा. बाटली संपली असेल तर निदान कंपनीचे आणि छटेचे नाव लिहून घ्या, आणि बायोप्सीसाठी जाताना तो कागद व पाकळ्यांचे गेल्या चार महिन्यांतले जे फोटो मोबाईलमध्ये असतील, ते सोबत न्या. दरम्यान पाकळ्यांमधून पाणी किंवा पू येऊ लागला, लाली कोऱ्या त्वचेवर पसरू लागली, ताप आला, किंवा ओठ, पापण्या सुजून श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर ठरलेल्या वेळेची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.